बरोबर कोण जाणार

२८ जुलै २०२५. पहिला श्रावणी सोमवार, दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी निपाणीहून बेळगावला, माहेरी निघालो.

निघालो. ही टायपिंगची चूक नाही. आमच्या भागात बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी जाऊन येतो. पुण्यात नात्यातल्या एका लग्नात मी ‘तुम्ही बसा, मी मागनं जेवतो’ म्हटलं, तर वरपक्षाच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. तेव्हापासून कागदावर ‘निघाले’ आणि तोंडात ‘निघालो’ असा माझा दुहेरी संसार चालू आहे. इथून पुढं कागदासारखं लिहीन. मध्येच घसरले तर समजून घ्या.

तर निघाले. पाऊस असा, की संकेश्वर कधी गेलं आणि हत्तरगीचा टोलनाका कधी आला ते काचेतून कळेना. तसंही लक्ष मोबाइलमध्ये होतं. जॉर्जिया देशातल्या बातुमी गावात बुद्धिबळाच्या महिला वर्ल्डकपची फायनल चालू होती आणि पटाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच देशातल्या बाया. कोनेरू हंपी, वय ३८. दिव्या देशमुख, वय १९. शनिवारचा डाव बरोबरीत, रविवारचाही बरोबरीत. आता सोमवारी टायब्रेक, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव.

शहापुरातल्या घरी पोचले तर टीव्हीसमोर माणसं आधीच मांडी घालून बसलेली. भाचीनं मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. दादा एरवी क्रिकेटशिवाय काही बघत नाही. उंट तिरका चालतो एवढंच त्याला ठाऊक. पण आज दुकान नोकरावर सोडून आला होता.

‘आपली पोर हाय,’ मला बघितल्या बघितल्या म्हणाला. ‘नागपूरची. देशमुख!’

सीमाभागात एवढं वाक्य पुरतं. ज्या घरात दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवादिवशी, काळी फीत बाहेर निघते, तिथं देशमुख विरुद्ध कोनेरू यात कौल कुणाला, हे विचारायचं नसतं. तेवढ्यात शेजारच्या अक्का पंचमीचे तंबिटाचे लाडू घेऊन आल्या. पडद्यावरचं नाव भाचीनं वाचून दाखवल्यावर खूश होऊन म्हणाल्या, ‘हंपी अंद्र नम्मदे री!’ हंपी म्हणजे आमचीच. दादानं त्यांना समजावलं की अक्का, ही बाई आंध्रातली आहे, गुडीवाड्याची, तेलुगू. अक्कांनी हात झटकला. ‘इरली बिडरी.’ असू दे हो. आणि हंपीच्या बाजूनं बसल्या.

म्हणजे एक देशमुख म्हणून आपली आणि एक हंपी म्हणून आपली. मला कुणी विचारलं नाही. मी लाडू खात गप्प बसले. मी हंपीच्या बाजूची होते.

---

हंपी म्हणजे आमच्याकडे शाळेची सहल. विरूपाक्षाचं देऊळ, दगडी रथ, उन्हात वाटलेली पुरी-भाजी. या हंपीचा त्या हंपीशी काही संबंध नाही. वडील कोनेरू अशोक यांना मुलगी चॅम्पियन व्हायला हवी होती, म्हणून ‘चॅम्पियन’ या शब्दातूनच त्यांनी नाव काढलं. पुढं इंग्रजी स्पेलिंगही बदललं, नाव जरा रशियन वाटावं म्हणून. तो काळच तसा होता. रशियन नाव ऐकलं की समोरच्याचं अर्धं अवसान गळायचं. ३१ मार्च १९८७चा तिचा जन्म. मी तेव्हा सातवीत होते आणि आप्पांबरोबर रोज संध्याकाळी दोन डाव खेळत होते.

आप्पा छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचण्याच्या सवयीमुळं त्यांना पटही पलीकडून दिसतो, असं मला खरंच वाटायचं. आमचा पट त्यांनी स्वतः छापला होता, जाड पुठ्ठ्यावर, ६४ घरं, कडेला बारीक नक्षीची पट्टी. सोंगट्या लाकडी, शनिवारच्या बाजारातल्या. त्यातला एक काळा हत्ती हरवला, तेव्हा आप्पांनी मोठ्या टायपातला शिशाचा एक ‘ह’ आणून त्याच्या जागी उभा केला. ह, हत्तीचा. उचलला की बोटाला गार लागायचा आणि इतर सोंगट्यांच्या मानानं भलताच जड. काळ्यांकडून खेळताना तो ‘ह’ हलवायला मला फार आवडायचं. किल्लेकोट करताना तो मुद्दाम आपटायचे.

खेळाचं वेड आप्पांच्या वडिलांपासूनचं. आमचं शहापूर आज बेळगावात मुरून गेलंय, पण संस्थानं होती तोवर ते सांगलीकर पटवर्धनांच्या राज्यात होतं. आजोबांची कोर्टाची, जमिनीची सगळी कामं सांगलीला. आणि सांगली म्हणजे बुद्धिबळ. संस्थानं विलीन झाली, मग १९५६ साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, सांगली पलीकडं राहिली. आजोबा मात्र शेवटपर्यंत ‘आमच्या सांगलीत’ असंच म्हणत.

ते देशी नियमांनी खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं. पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा होतं. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. वजीर व्हायचं असेल तर वजिराच्याच घरात पोचायला हवं. आप्पांनी मला शिकवले ते आंतरराष्ट्रीय नियम. कुठल्याही घरात पोच, काय व्हायचं ते तू ठरव. आजोबांना हा शुद्ध बेशिस्तपणा वाटायचा. आणि प्याद्यानं दिलेली मात सगळ्यात मानाची, यावर मात्र बापलेकाचं एकमत.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. साहेबाच्या पटावर राजाशेजारी राणी असते. आपल्या पटावर वजीर. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादी. ३२ सोंगट्या आणि त्यात एकही बाई नाही.

---

आप्पा छापखान्यातनं जुनी वर्तमानपत्रं आणायचे. त्यातली कात्रणं माझ्या वहीत असायची. पहिली पानं खाडिलकर भगिनींची. वासंती, जयश्री आणि रोहिणी, मुंबईच्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंती खाडिलकरांनी जिंकली आणि पुढं जवळजवळ दशकभर ते विजेतेपद त्या घराबाहेर गेलंच नाही. त्यातल्या रोहिणीताई १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या. गदारोळ झाला. बाई इथं कशी? प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी सांगितलं की बाईला खुल्या स्पर्धेतून अडवता येणार नाही. आप्पा हे मला अशा थाटात सांगायचे, जसं काही यूवे त्यांना विचारूनच बोलले होते. मग भाग्यश्री साठे, अनुपमा अभ्यंकर. सगळी मराठी नावं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत बुद्धिबळ हा मराठी मुलींचाच खेळ आहे अशी माझी समजूत होती.

पण ग्रँडमास्टर त्यांच्यातली कुणी नव्हती. इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण पेपरवाले यात अजूनही घोळ घालतात. ‘वुमन ग्रँडमास्टर’ हा वेगळा किताब आहे, फक्त बायकांसाठी. त्याला रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, २३०० लागतं. ‘ग्रँडमास्टर’ हा सगळ्यांचा. त्याला २५०० आणि तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत तीनदा ठरलेल्या दर्जाचा खेळ. पुरुष ग्रँडमास्टर असा किताब नाही. म्हणजे मागं काही न लावलेला शब्द हा आपोआप पुरुषांचा, आणि बाईला तो हवा तर आधीचं ‘वुमन’ खरवडून काढायचं. नोना गाप्रिंदाश्विली या जॉर्जियातल्या बाईला १९७८ साली तो मिळाला, जगात पहिल्यांदा. १९६२पासून ती जगज्जेती होती, तरी तोवर वाट बघावी लागली. आणि त्याच वर्षी तिचं जगज्जेतेपद गेलं. घेतलं कुणी? तिच्याच देशातल्या माया चिबुर्दानिद्झे नावाच्या १७ वर्षांच्या पोरीनं. नोना तेव्हा ३७ वर्षांची.

जॉर्जियात म्हणे पूर्वी लग्नात मुलीला बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती. मला तांब्याचं घंगाळ मिळालं. निपाणीत ते अजून आहे, त्यात जास्वंद लावली आहे.

---

१९८८. मी चौदा वर्षांची. जिल्ह्याच्या निवड स्पर्धेतून दोन मुली निघालो, मी आणि चिकोडीकडची एक. पुढची फेरी बंगळूरला, दसऱ्याच्या सुट्टीत.

सांगली आम्हाला अडीच-तीन तासांवर. मे महिन्यात आप्पा मला छोट्या रुळाच्या गाडीनं मिरजेपर्यंत आणि तिथून सांगलीला एकदा घेऊन गेले होते. तिथं सांगलीच्या बुद्धिबळाचे गुरू भाऊसाहेब पडसलगीकर यांना मी लांबून पाहिलं होतं. पण सांगली आता दुसरं राज्य. निवडीसाठी जायचं तर आपल्या राज्याच्या राजधानीत, पाचशे किलोमीटर, रात्रभर बस, आणि तिथं गेल्यावर कन्नड. माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं. पण त्यानं काही अडलं नसतं. पटावर बोलायचं नसतंच.

अडलं ते दुसरीकडंच. ज्यांच्यामार्फत नावं जायची ते सर घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, ‘पोरीबरोबर कोण जाणार ते कळवा. बाईमाणूस असलं तर बरं. त्याशिवाय मी नाव घालणार नाही, उद्या जबाबदारी कुणाची?’ त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण बरोबर कोण जाणार?

आप्पांच्या छापखान्यात दिवाळी अंकांचा हंगाम. दसरा ते दिवाळी तिथं रजा मागणं म्हणजे हिशेब करून टाका म्हणण्यासारखं. दादाची परीक्षा. चिकोडीच्या मुलीचे वडील शिक्षक, ते स्वतः निघाले होते आणि ‘पाठवा, दोघींना नेतो’ असा निरोपही त्यांनी दिला. आजी म्हणाली, ‘परक्या बाप्याबरोबर? चार रात्री?’ झालं. विषय तिथं मिटला. कुणी रागावलं नाही, रडारड झाली नाही. अशा गोष्टी आमच्या घरात आवाज न करता मिटायच्या. त्या संध्याकाळी आप्पांनी पट मांडला आणि मला पांढरे दिले. मी वजीर फुकट घालवला. त्यांनी तो परत घेऊ दिला. ते एरवी कधीच घेऊ द्यायचे नाहीत.

मी गेले असते तर हंपी झाले असते, असलं काही माझ्या डोक्यात नाही. माझा खेळ बरा होता, पण शेवटात मी कच्ची. चार सोंगट्या उरल्या की मला धीर निघायचा नाही. चिकोडीची ती मुलगी गेली, खेळून आली. पुढं तिचंही नाव कुठं वाचलं नाही. मुद्दा जिंकण्याचा नाहीच. बंगळूरच्या त्या हॉलमध्ये मी किती वाईट हरले असते, हे मला बघायचं होतं.

त्यानंतर ग्रँडमास्टर झालेल्या ज्या ज्या बाईबद्दल वाचलं, तिच्या गोष्टीत मी आधी हेच शोधते. बरोबर कोण गेलं? हंपीचे वडील कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ते सोडून मुलीचे पूर्णवेळ कोच झाले. बुडापेस्टच्या पोल्गार बहिणींचं तर सगळं घरच त्या कामाला लागलेलं. वैशालीची आई, तिच्या भावाची, प्रज्ञानंदची पण तीच, दोन्ही पोरांच्या मागं देशोदेशी फिरते. दिव्याचे आईवडील दोघं डॉक्टर आणि आई तिच्याबरोबर. कर्तबगारी त्या पोरींचीच, यात वाद नाही. पण प्रत्येकीच्या गोष्टीत अगदी पहिल्या पानावर कुणीतरी बॅग धरून उभं असतं.

---

हंपी १५ वर्षं, १ महिना आणि २७ दिवसांची असताना ग्रँडमास्टर झाली. २००२. भारतातली पहिली बाई, आणि तेव्हा जगातली सगळ्यात लहान. ज्यूडिट पोल्गारचा विक्रम तिनं तीन महिन्यांनी मोडला. त्याआधी दहा, बारा आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची जगज्जेतेपदं झाली होती, आदल्याच वर्षी ज्युनिअरचंही. मी ती बातमी पतसंस्थेत वाचली. अठ्ठावीस वर्षांची होते, धाकटा पाळण्यात, आणि पुढ्यात पिग्मीवाल्यांच्या वह्या. बातमी चार-पाच ओळींची. कापून पर्समध्ये ठेवली आणि धुण्यात गेली.

मग दरवर्षी कुठं ना कुठं तिचं नाव. २००७ साली रेटिंग २६०० पार, त्याआधी हे फक्त ज्यूडिटला जमलेलं. ज्यूडिट हे प्रकरणच वेगळं. ती बायकांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेलाच गेली नाही. बहुतेक पुरुषांतच खेळली आणि जगात आठव्या नंबरावर पोचली. हंपीनं दोन्ही दगडांवर पाय ठेवले. २०११ साली ती जगज्जेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेली, अल्बेनियात, तिरानाला. समोर चीनची हाऊ यिफान, जिनं हंपीचा लहान वयाचा विक्रम आधीच मोडला होता. साडेपाच-अडीच. हंपीला एकही डाव जिंकता आला नाही. तेव्हा मी इंटरनेटवर डाव बघायला शिकले होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा आणि पडद्यावर ते चालू. मॅनेजर विचारायचे, बाई, शेअर बाजार का? मी हो म्हणायचे.

२०१४ साली लग्न. २०१७ साली मुलगी. मधली दोनेक वर्षं खेळ बंद. आमच्याकडे अशा वेळी लोक म्हणतात, ‘झालं की आता, बास.’ तेलुगूतही असं काहीतरी असणारच.

ती परत आली. हे नुसतं ‘परत आली’ असं लिहून पुढं जाण्यासारखं नाही. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी मी पतसंस्थेच्या खातेवहीची बेरीज तीनदा करायचे आणि तिन्ही वेळा वेगळी यायची. ही बाई त्याच सुमाराला मॉस्कोत बसून, घड्याळ टकटकत असताना, चीनच्या लेई टिंगजीला प्लेऑफमध्ये मागं टाकून रॅपिडची जगज्जेती झाली. डिसेंबर २०१९. रॅपिड म्हणजे पंधरा मिनिटांचे डाव, जो खेळ पोरासोरांचा समजतात. आणि तरीही माझ्या मते तिची खरी कमाल ती नाही. खरी २०२४च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कला. वय ३७. अकरा फेऱ्यांची स्पर्धा, आणि पहिलीच फेरी हरली. त्या वर्षी तिचं फारसं काही धड चाललं नव्हतं. सप्टेंबरात भारताच्या बायकांनी बुडापेस्टला बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडचं, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेचं, सोनं आणलं, त्या संघातही ती नव्हती. पहिल्या फेरीत हरलेली ३७ वर्षांची बाई रात्री हॉटेलच्या खोलीत काय करत असेल, याचा मी बराच विचार केलाय. मुलगी आजी-आजोबांकडे. खोलीत एकटी. शेवटच्या फेरीपर्यंत तिनं सगळं भरून काढलं, शेवटचा डाव काळ्यांकडून जिंकला, अकरापैकी साडेआठ, आणि दुसऱ्यांदा जगज्जेती.

म्हणून मी हंपीच्या बाजूची. तिनं बरंच खेळून झाल्यावरही खेळायचं ठरवलं म्हणून.

---

तिकडं टीव्हीवर पहिला रॅपिड डाव बरोबरीत सुटला होता. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी असते, काळी-पांढरी. कोण वरचढ आहे ते कॉम्प्युटर सांगत असतो. आईला खेळ कळत नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो. ७८ वर्षांची आहे. ती ती पट्टी बघत होती, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बघावं तशी.

‘त्या पोरीबरोबर कोण आलंय?’ तिनं विचारलं.

‘आई आल्या तिची,’ भाची म्हणाली.

‘आणि हिच्याबरोबर?’

‘ती मोठी हाय, आज्जी. तिला कशाला कोण पायजे?’

आई काही बोलली नाही. लाह्यांसाठी भिजवलेली ज्वारी तिनं फडक्यावर पसरायला घेतली.

दादाला एव्हाना सगळं कळायला लागलं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. दिव्याला या स्पर्धेत पंधरावं मानांकन होतं. आली तेव्हा ती ग्रँडमास्टर नव्हती, तीन सोडाच, एकही नॉर्म नव्हता. पण वर्ल्डकप जिंकणारीला किताब थेट मिळतो, असा नियम आहे. तिनं दुसऱ्या मानांकनाची झू जिनर काढली, आपली हारिका काढली, माजी जगज्जेती टान झोंगयी काढली. हारिका तीच, जी २०२२ साली मामल्लपुरमच्या ऑलिंपियाडला नववा महिना भरत आलेला असताना खेळली होती. त्या संघात चोर्ला घाटापलीकडची, गोव्याची भक्ती कुलकर्णी पण होती, आणि ब्राँझ मिळालं होतं. हे मी दादाला सांगत होते, पण तो ऐकत नव्हता.

दिव्याबद्दल मला काही वाईट वाटत होतं असं नाही. २०२४च्या जानेवारीत हॉलंडच्या स्पर्धेनंतर तिनं उघड लिहिलं होतं की प्रेक्षकांना डावापेक्षा माझे कपडे, केस आणि बोलण्याची ढब दिसते. आमच्या वेळी क्लबात वेण्या दिसायच्या. ‘लाल रिबीनवाली कुठल्या पटावर बसल्या?’ असं विचारायचे. तिनं ते लिहिलं, मी तर घरीही कधी बोलले नाही. अशा पोरीच्या विरोधात बसणं जडच जात होतं.

दुसरा डाव. हंपीकडं पांढरे. बराच वेळ पट्टी मध्यावर. मग सोंगट्या कमी होत गेल्या आणि घड्याळंही. एकेक चालीला सेकंद मोजून. हंपी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, कधीच नाही. पण हात सोंगटीवर जाऊन क्षणभर थबकत होता. मला तो थबकणारा हात ओळखीचा. चार सोंगट्या उरल्या की धीर निघत नाही तो हात. मी मनातल्या मनात म्हणत होते, हात मागं घे, बघ जरा. ती खेळली. पट्टी खाली गेली, सरळ काळ्या बाजूला. दादा उठून उभा राहिला. अक्कांनी ‘अय्यो’ केलं. थोड्या वेळानं हंपीनं हात पुढं केला. अडीच-दीड.

१९ वर्षांची दिव्या देशमुख भारताची ८८वी ग्रँडमास्टर. त्या ८८ जणांत बाया चार. २००२ची हंपी, २०११ची हारिका, मग वैशाली, मग ही. आणि हे सगळं नोनाच्या देशात.

दादा फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता. पडद्यावर दिव्या हॉलबाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. कॅमेरा तिथंच खिळला. हंपी कुठं गेली ते काही दाखवलं नाही. मी तिलाच शोधत होते.

‘मला कोणी विचारलंच नाही,’ आई म्हणाली.

मला वाटलं चहाचं काहीतरी. ‘काय ते?’

‘बंगळूरला.’ ती ज्वारी पसरतच होती. ‘त्या मास्तरांनी बाईमाणूस पायजे म्हटलं. तुझ्या आप्पांनी छापखान्यात विचारलं, आत्तीला, तुझ्या आज्जीला विचारलं, तिकडं चिकोडीच्या मास्तराला विचारलं. मी तिथंच उभा होतो, चहाचा ट्रे घेऊन.’

३७ वर्षं झाली होती. मी मोजली ती नंतर, रात्री.

‘तू आली असतीस?’

‘आलो असतो की,’ आई म्हणाली. ‘मला काय धाड भरल्या होती?’

मग फडक्याची दोन टोकं तिनं माझ्या हातात दिली. ज्वारी सारखी करायला एकटीला जमत नाही ते.